गाईच्या दुधातली प्रतिपिंडे आणि बाळाची सर्दी

थंडी पडू लागली की लहान मुलांच्या सर्दी-खोकल्याचे दिवस सुरू होतात. मोठी भावंडे शाळेतून सर्दी घेऊन येतात आणि दोन-तीन दिवसांत ती पाळण्यातल्या बाळापर्यंत पोचते. मोठ्या माणसाचे चार शिंका आणि एका रुमालावर भागते. दोन महिन्यांच्या बाळाची मात्र छाती भरते, नाक चोंदल्यामुळे त्याला दूध ओढता येत नाही आणि घरातल्या सर्वांची रात्र जागून जाते.

याच दिवसांत अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "डॉक्टर, गाईच्या दुधात सर्दीच्या विषाणूंविरुद्धची प्रतिकारशक्ती असते म्हणे. मग बाळाला गोठ्यातले धारोष्ण दूध दिले तर?" कोणी मोबाईलवर आलेला मजकूर दाखवतो, तर कोणी गाईच्या चिकाच्या भुकटीचा डबाच पुढे करतो.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याच्यामागे खरे संशोधन आहे. परंतु त्या संशोधनाची अर्धीच गोष्ट लोकांपर्यंत पोचली आहे, आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत अर्धी गोष्ट जिवावर बेतू शकते. म्हणून आज ती पूर्ण सांगतो.

प्रतिपिंडे म्हणजे काय?

एखादा जंतू शरीरात शिरला की आपले शरीर त्याच्याविरुद्ध विशिष्ट प्रथिने तयार करते. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. कुलपाला जशी त्याचीच किल्ली लागते, तसे प्रत्येक प्रतिपिंड ठरावीक जंतूलाच चिकटते. प्रतिपिंड चिकटलेला विषाणू पेशीत शिरू शकत नाही आणि पांढऱ्या पेशी त्याला ओळखून गिळून टाकतात.

नवजात बाळाला ही प्रथिने स्वतः तयार करायला वेळ लागतो. तोपर्यंत त्याला आईच्या शिदोरीवर जगावे लागते. ही शिदोरी दुधातूनही मिळते, हे पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ साली उंदरांवर प्रयोग करून दाखवले. गुंजेच्या बीमध्ये आणि एरंडाच्या बीमध्ये जहाल विष असते. एर्लिखने काही उंदरिणींना हे विष अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत देऊन त्याची सवय करवली. मग त्याने पिलांची अदलाबदल केली. ज्यांच्या सख्ख्या आईला त्या विषाची काहीच सवय नव्हती, अशी पिले या तयार उंदरिणींच्या अंगावर पाजली. ती पिले विष पचवू लागली. म्हणजे संरक्षण जन्मामुळे नव्हे, तर दुधामुळे आले होते. दुधातल्या प्रतिकारशक्तीचे शास्त्र इथून सुरू झाले.

वासरू आणि बाळ यांच्यातला फरक

निसर्गाने माणसाची आणि गाईची व्यवस्था मात्र वेगवेगळी ठेवली आहे. मानवी बाळाला 'आयजीजी' जातीची प्रतिपिंडे गर्भात असतानाच वारेतून मिळतात, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत अधिक. म्हणूनच वेळेआधी जन्मलेल्या बाळाची शिदोरी अपुरी राहते. जन्मानंतर आईच्या दुधातून प्रामुख्याने 'आयजीए' जातीची प्रतिपिंडे मिळतात. ती रक्तात न जाता बाळाच्या घशाला, आतड्याला अस्तरासारखी आतून लेप देऊन बसतात.

गाईची वार प्रतिपिंडे पलीकडे जाऊ देत नाही. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडे जवळजवळ नसतातच. त्याची सगळी भिस्त चिकावर असते. गाईच्या चिकात 'आयजीजी' प्रतिपिंडे खच्चून भरलेली असतात. एका लिटरमध्ये ती ५० ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक असू शकतात. वासराचे आतडे पहिल्या चोवीस तासांत ती अख्खीच्या अख्खी शोषून घेते, मग ते दार बंद होते. पहिल्या काही तासांत चीक न मिळालेले वासरू हगवणीने किंवा छातीच्या विकाराने दगावते, हे आपल्या शेतकऱ्यांना शास्त्र न शिकताही ठाऊक आहे. पुढे नेहमीचे दूध सुरू झाले की हे प्रमाण लिटरला एक ग्रॅमच्याही खाली येते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. मानवी बाळाचे आतडे वासरासारखे नसते. गाईचे दूध पाजल्याने गाईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात जाऊन साठत नाहीत. त्यांचा काही उपयोग झालाच, तर तो घशात आणि आतड्यातच होणार.

गाईच्या दुधात माणसाच्या विषाणूची प्रतिपिंडे कशी?

लहान बाळांची छाती भरवणाऱ्या विषाणूंमध्ये 'रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस', म्हणजेच 'आरएसव्ही', हा सर्वांत मोठा गुन्हेगार आहे. हा प्रथम १९५६ साली अमेरिकेत, सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये सापडला आणि लगेच पुढे आजारी बालकांमध्येही आढळला. दोन वर्षांचे होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतो. बहुतेकांना साधी सर्दी होते. काहींच्या मात्र फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिका सुजतात आणि बाळाला धाप लागते. २०१९ साली जगभरात पाच वर्षांखालची सुमारे एक लाख मुले या विषाणूमुळे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यांतली जवळजवळ निम्मी सहा महिन्यांच्या आतली होती आणि बहुतेक सर्व गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती.

या विषाणूचा एक सख्खा चुलतभाऊ गुराढोरांमध्ये असतो. वासरांना त्यामुळे खोकला आणि धाप लागते. गाईला हा आजार होऊन गेला की तिच्या रक्तात आणि दुधात त्याची प्रतिपिंडे येतात. दोन्ही विषाणूंची ठेवण इतकी मिळतीजुळती आहे की गाईची ही प्रतिपिंडे माणसाच्या विषाणूलाही चिकटतात. नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी २०१४ साली हे प्रयोगशाळेत दाखवले. गाईच्या दुधातून काढलेल्या 'आयजीजी'मुळे मानवी पेशींना होणारा 'आरएसव्ही'चा संसर्ग कमी झाला. पुढे २०२० साली उंदरांच्या नाकात ही प्रतिपिंडे घालून केलेल्या प्रयोगातही संरक्षण आढळले.

माणसांवरचा पुरावा आतड्याच्या रोगाबाबत अधिक जुना आहे. रोटाव्हायरसमुळे मुलांना जुलाब होतात. गाभण गाईंना या विषाणूची लस टोचून त्यांच्या चिकात भरपूर प्रतिपिंडे तयार करण्यात आली. असा चीक ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथे रुग्णालयातील मुलांना दिला, तेव्हा त्यांचे रोटाव्हायरसपासून रक्षण झाले. हा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. मात्र तो चीक मुद्दाम तयार केलेला आणि जंतुविरहित केलेला होता. गवळ्याच्या चरवीतल्या दुधाशी त्याची तुलना होत नाही.

युरोपातील पाहणी

आता ज्या बातमीने सगळा गोंधळ झाला तिच्याकडे वळू. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, जर्मनी, फ्रान्स आणि फिनलंड या देशांतल्या खेड्यांमध्ये ९८३ बाळांची पाहणी झाली. आयांनी बाळाच्या पहिल्या वर्षात दर आठवड्याला वहीत नोंद ठेवली. बाळ काय प्याले, सर्दी झाली का, ताप आला का, कान दुखला का. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शेतावरचे न तापवलेले दूध पिणाऱ्या बाळांमध्ये सर्दी, श्वसनमार्गाचे आजार आणि ताप यांचे प्रमाण, कारखान्यात अतिउच्च तापमानावर प्रक्रिया केलेले दूध पिणाऱ्या बाळांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. घरी उकळलेल्या दुधाचा फायदा त्याहून कमी दिसला.

बातमी इथे संपली, पण संशोधन इथे संपत नाही. तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत.

पहिली, ही पाहणी होती, प्रयोग नव्हे. कोणते दूध द्यायचे हे आईवडिलांनीच ठरवले होते. गोठ्याजवळ वाढणाऱ्या मुलांच्या जीवनात आणखीही पुष्कळ गोष्टी वेगळ्या असतात. शास्त्रज्ञांनी त्यांचा हिशेब धरला, तरी सगळा हिशेब कधीच धरता येत नाही.

दुसरी, फायदा प्रतिपिंडांमुळेच झाला हे सिद्ध झालेले नाही. दुधात लॅक्टोफेरिनसारखी इतर प्रथिनेही असतात आणि तीही उष्णतेने बिघडतात.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, खुद्द या संशोधकांनी बाळांना कच्चे दूध द्या असे म्हटलेले नाही. गुण टिकवून जंतू मारता येतील का, याचा शोध घ्यावा, असे त्यांचे म्हणणे आहे. बाळाला सर्दी कमी होणे चांगलेच, परंतु त्यासाठी त्याला क्षयाची किंवा रक्ती हगवणीची जोखीम द्यायची, हा व्यवहार कोणताही शहाणा माणूस करणार नाही.

न तापवलेले दूध का नको?

कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो. गाई-म्हशींमध्ये गर्भपात घडवणारा हाच जंतू. माणसात तो महिनोन्‌महिने ताप आणि सांधेदुखी देतो. आपल्या देशातल्या जनावरांमध्ये तो आजही आहे. कच्च्या दुधातून जनावरांचा क्षय माणसाला होऊ शकतो. आतड्याचे रोग आणि मूत्रपिंड निकामी करणारे इ-कोलाय, सालमोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, लिस्टेरिया हे जंतूही त्यातून पोटात जातात. गाय दिसायला धडधाकट असली आणि धार काढणारा हात स्वच्छ असला, तरी हे जंतू दुधात असू शकतात. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या दुभत्या गाईंमध्ये बर्ड फ्लूचा विषाणू सापडला. त्यांच्या कच्च्या दुधात तो मोठ्या प्रमाणावर होता. म्हणजे ज्या श्वसनाच्या विषाणूंपासून वाचण्यासाठी कच्चे दूध द्यायचे, तसाच एक विषाणू त्या दुधातूनच येऊ शकतो! पाश्चरीकरणाने मात्र तो मरतो.

उष्णतेचा हिशेबही समजून घ्यावा. दुग्धशाळेत दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात, तेव्हा घातक जंतू मरतात आणि प्रतिपिंडांचा बराच भाग टिकतो. उकळी आणल्यावर प्रतिपिंडे बहुतांशी नष्ट होतात. याचे उत्तम उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. चीक वाफवला की खरवस घट्ट होतो. त्यात विरजण नाही, रवा नाही. मग तो घट्ट कशाने होतो? चिकातली प्रथिने, त्यांत ही प्रतिपिंडेही आली, उष्णतेने शिजून थिजतात म्हणून. खरवस चवीला उत्तम, मोठ्यांनी जरूर खावा. पण त्यातून सर्दीविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळेल ही आशा ठेवू नये. आणि खरवसाआधी वासराचा वाटा वासराला मिळावा.

उकळल्याने प्रतिपिंडे जातात म्हणून उकळणे सोडावे काय? अजिबात नाही. सुट्या दुधाचा रतीब असेल तर ते चांगले उकळूनच घ्यावे. या बाबतीत आपल्या आजीचे बरोबर होते.

एक वर्षाच्या आत वरचे दूध

तापवलेले का असेना, गाईचे किंवा म्हशीचे दूध पहिल्या वर्षात बाळाचे मुख्य अन्न असू नये. गाईच्या दुधात प्रथिने आईच्या दुधाच्या तिप्पट असतात आणि क्षारही जास्त. बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर त्याचा भार पडतो. लोह मात्र त्यात नगण्य असते. शिवाय लहान वयात या दुधामुळे आतड्यातून डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म रक्तस्राव होऊ शकतो. परिणामी बाळ गुटगुटीत दिसते, पण फिकट असते. रक्त कमी असलेले मूल आजारपणाशी कसे झगडणार? पाणी घालून दूध पातळ केले की पोषणही जाते आणि पाण्यातले जंतू वेगळेच.

मग बाळाचे रक्षण कशाने होते?

बाळाला प्रतिपिंडे हवीत हे अगदी खरे. फक्त ती गोठ्यात शोधायची गरज नाही. ती बाळाच्या आईजवळ आहेत, तीही ताजी आणि बाळाच्या मापाची.

आईला सर्दी झाली की तिचे शरीर त्या विषाणूची प्रतिपिंडे तयार करते आणि ती दुधात उतरतात. म्हणजे त्या घरात, त्या आठवड्यात जो विषाणू फिरतो आहे, त्याचेच औषध आईच्या दुधातून बाळाला मिळते. कोणत्याही गाईला हे जमणार नाही. म्हणून आईला सर्दी-ताप असला तरी पाजणे थांबवू नये. तोंडाला स्वच्छ रुमाल बांधावा, हात साबणाने धुवावेत आणि पाजावे.

आपल्याकडे अजूनही काही घरांत आईचा पहिला पिवळा चीक 'जड' म्हणून पिळून टाकतात आणि बाळाला मध, साखरपाणी किंवा गुटी चाटवतात. गाईचा चीक शेजाऱ्यांकडून मागून आणायचा आणि आईचा चीक मोरीत ओतायचा, याला काय म्हणावे? आईचा चीक थोडाच असतो, पण बाळाचे पोटही तेवढेच असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) भारतात जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळे केवळ ४१.८ टक्के होती. सहा महिन्यांखालील बाळांपैकी ६३.७ टक्के बाळांना निव्वळ आईचे दूध मिळत होते. या दोन आकड्यांमध्ये सुधारणेला खूप जागा आहे आणि त्यासाठी एक पैसाही खर्च करावा लागत नाही. मध तर वर्षाच्या आत देऊच नये. त्यातल्या जिवाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईचे दूध कमी पडत असेल, तर मातृदुग्ध पेढीचा विचार करता येतो. आशियातील पहिली अशी पेढी १९८९ साली मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आज अनेक मोठ्या रुग्णालयांत ही सोय आहे.

प्रतिपिंडांनी 'आरएसव्ही' थोपवता येतो, हे आता वैद्यकाने दुसऱ्या मार्गानेही सिद्ध केले आहे. १९९८ पासून अमेरिकेत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तयार प्रतिपिंडांची इंजेक्शने दर महिन्याला दिली जाऊ लागली. पुढे निर्सेव्हिमॅब हे नवे प्रतिपिंड आले. त्याच्या एका इंजेक्शनाने सुमारे पाच महिने संरक्षण मिळते. २०२३ पासून गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत द्यायची लसही काही देशांत वापरात आली. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळावीत, हेच तिचे तत्त्व. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल किंवा त्याला हृदयाचा दोष असेल, तर यांपैकी काय मिळू शकेल, हे आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारावे. सरकारी लसीकरणातल्या पाचगुणी (पेंटाव्हॅलंट), न्युमोकॉकल आणि गोवराच्या लसी मात्र वेळेवर घ्यायलाच हव्यात.

याखेरीज घरात हे पाळावे:

- बाळाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. सर्दी झालेल्यांनी बाळाचे मुके घेऊ नयेत.
- बाळंतिणीच्या खोलीत धुरी, शेगडी, चुलीचा धूर, विडी-सिगारेट नको. धुराने बाळाच्या श्वासनलिकांना सूज येते.
- नाकात तेल घालू नये. ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. नाक चोंदल्यास मीठ-पाण्याचे औषधी थेंब डॉक्टरांना विचारून घालावेत.
- सहा महिन्यांनंतर वरचे घट्टसर अन्न सुरू करावे, पण अंगावर पाजणे दोन वर्षे किंवा त्यापुढेही चालू ठेवावे.

दवाखान्यात कधी न्यावे?

बाळ शांत असताना त्याचा अंगरखा वर करून एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजावा. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक असतील, तर ताबडतोब डॉक्टर गाठावा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, कण्हणे, दूध ओढणे सोडणे, ओठ निळे पडणे, बाळ मलूल होणे, यांपैकी एकही लक्षण असेल तर सकाळची वाट पाहू नये. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा ताप किंवा अंग गार पडणे हीसुद्धा तातडीचीच बाब समजावी.

काही नेहमीचे प्रश्न

*गाईच्या चिकाची भुकटी बाळाला द्यावी का?* देऊ नये. तान्ह्या बाळांचे श्वसनरोग तिने टळतात असा भरवशाचा पुरावा नाही. त्या पैशांत बाळंतिणीला चांगले खाऊ घालावे.

*देशी गाईचे कच्चे दूध तरी चालेल ना?* जंतू गाईची जात पाहत नाहीत. दूध तापवलेच पाहिजे.

*आईला कामावर जावे लागते, मग?* स्वच्छ हातांनी दूध पिळून झाकणाच्या स्वच्छ भांड्यात ठेवावे. बाहेर ते चार तास चांगले राहते, फार उकाडा असेल तर त्याआधीच वापरावे. बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजावे.

*वर्षानंतर गाईचे दूध द्यावे का?* अवश्य, पाश्चरीकृत किंवा उकळलेले, दिवसाला दोन कपांपर्यंत. त्याहून जास्त दिल्यास मूल जेवत नाही आणि रक्त कमी होते.

गाईच्या दुधातली प्रतिपिंडे उद्या शास्त्रज्ञ सुरक्षितपणे बाळांपर्यंत पोचवू शकतील, अशी शक्यता आहे. तसे झाले तर स्वागतच करू. आज मात्र आपल्या हाती असलेला उपाय साधा आहे. गाईचा चीक वासराला द्यावा, आईचा चीक बाळाला द्यावा आणि दूध उकळून घ्यावे.